नाशिकला नव्याने राहायला आलात? ऊठबस कशी जमवायची

घर मिळतं. गॅस येतो, इंटरनेट येतं, मुलांच्या शाळेचं मार्गी लागतं. टेम्पोवाला पैसे घेऊन जातो, खोकी भिंतीला लागतात. मग पहिल्या रविवारी संध्याकाळी चहा टाकताना लक्षात येतं, की या अख्ख्या शहरात आपल्याकडे येणारं कोणी नाही. हे घरात कोणाला सांगताही येत नाही. काय सांगणार? सगळं तर व्यवस्थित आहे.

मी अशा रविवारातून चार वेळा गेले आहे. माझं गाव देवळा तालुक्यातलं. १९८६ साली दहावी झाल्यावर कॉलेजसाठी नाशिकला आले, पंचवटीत दोन मुलींबरोबर खोली करून राहिले. १९९२ ला लग्न होऊन सातपूरला गेले. २००८ ला आम्ही इंदिरानगरला फ्लॅट घेतला. २०१९ ला माझे यजमान गेले, तेव्हा घर तेच राहिलं, पण माझी जागा बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. चारही वेळा मी बरीच वर्षं चुकीच्या दारात उभी राहून घालवली. ती तुमची वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

ओळखी आणि ऊठबस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिफ्टमध्ये हसणारी माणसं म्हणजे ओळखी. जिथे न विचारता जाऊन बसता येतं आणि निघताना कारण सांगावं लागत नाही, ती आपली ऊठबस. ती जमली की नाही हे कळायची माझी एकच खूण आहे. दोन दिवस गेला नाहीत, तर तिसऱ्या दिवशी कोणी विचारतं का, ‘काय, दिसला नाहीत?’

१. आधी शहराची बोली कानावर येऊ द्या

पहिले पंधरा-वीस दिवस कुठेही नाव नोंदवू नका. नुसतं फिरा, शक्यतो पायी, नाहीतर सिटीलिंकच्या बसने. रोज एकाच दुकानातून दूध घ्या, एकाच टपरीवर चहा प्या. दुकानदाराने आपणहून ‘आज उशीर?’ विचारलं की पहिली पायरी झाली.

काही शब्द आधीच कळलेले बरे. नाशिककर ‘गावात जाऊन येतो’ म्हणतो, तेव्हा तो रविवार कारंजा, मेन रोड, भद्रकाली या जुन्या भागात निघालेला असतो. ‘गंगेवर’ म्हणजे गोदावरीवर. इथे गोदावरी फार कमी लोक म्हणतात. बुधवारचा बाजार गंगेवरच भरतो. तिथे एकदा तरी जाच. भाजी घ्या, मसाल्याचं सामान घ्या, आणि विकणाऱ्या मावशींना विचारा कुठून आलात म्हणून. निम्मा जिल्हा तासाभरात भेटतो.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळ्या शहरात एकच प्रश्न असतो, ‘दुतोंड्याच्या कुठे पाणी?’ रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी तिच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला, यावरून जुने नाशिककर पुराचं माप सांगतात. ऑफिसात किंवा सोसायटीच्या गेटवर हा प्रश्न तुम्ही विचारलात, तर समोरचा तुमच्याशी दहा मिनिटं बोलेल. मी हे कितीतरी नव्या माणसांना सांगितलं आहे आणि सगळ्यांना उपयोग झाला आहे.

आणखी एक. बाहेरून आलेली मंडळी धुळवडीला पांढरे कपडे घालून खाली उतरतात आणि बघतात तर रस्त्यावर कोणी नाही. नाशिकचा रंग रंगपंचमीला. धुळवडीला इथे वीरांची मिरवणूक असते. देव्हाऱ्यातले टाक घेऊन लोक वाजतगाजत गंगेवर जातात. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या दगडी रहाडी उघडतात. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला मोठा हौद. तो रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक त्यात उड्या मारतात. त्या उडीला ‘धप्पा’ म्हणतात. पहिल्या वर्षी धप्पा नाही मारलात तरी चालेल, पण बघायला जा. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, कुठल्याही रहाडीवर उभं राहिलं तर कोरडं परत येता येत नाही.

२. कागदपत्रं एका फाइलमध्ये लावून ठेवा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण यावाचून बरीच दारं अडतात.

- भाड्याने राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार. साध्या स्टँप पेपरवरचा करार पुष्कळ ठिकाणी पत्त्याचा पुरावा म्हणून चालत नाही. घरमालकाकडून पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिल्याची पोच घ्या.
- आधारवरचा पत्ता बदलून घ्या. बाकीचं सगळं त्यावर उभं राहतं.
- मतदार यादीत पत्ता बदलायचा तर फॉर्म ८, पहिल्यांदाच नाव घालायचं तर फॉर्म ६. आपण कुठले, याचा हिशेब गावाच्या यादीत नाव आहे तोवर मनातही गावचाच राहतो. मी सातपूरला आल्यावर नाव बदलायला सहा वर्षं लावली, तेवढी लावू नका.
- वाचनालयासाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत रक्कम. काही ठिकाणी जुन्या सभासदाची सही लागते. सही देणारं कोणी नसेल तर तसं ग्रंथपालांना मोकळेपणाने सांगा.
- बचत गटासाठी आधार, बँकेचं पासबुक, दोन फोटो.
- ज्येष्ठ नागरिक संघासाठी साठी पूर्ण झाल्याचा पुरावा.
- ट्रेकिंगच्या किंवा सायकलच्या गटात जाणार असाल तर रक्तगट आणि घरच्या दोघांचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. मोबाइल डोंगरात बंद पडतो, चिठ्ठी पडत नाही.

३. एकच जागा निवडा आणि वेळ मोडू नका

नव्याने आलेला माणूस उत्साहात पाच ठिकाणी जातो आणि महिन्याभरात पाचही सोडतो. असं करू नका. एक जागा, आठवड्यातला ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि निदान तीन महिने. माणसं चेहऱ्याला नंतर ओळखतात, आधी वेळेला ओळखतात. ‘त्या मंगळवारी येतात ना, त्या ताई’ असं तुमचं नाव आधी पडेल.

कुठे जायचं? नाशकात जागांची वाण नाही.

वाचणारे असाल तर सार्वजनिक वाचनालय, म्हणजे ‘सावाना’. १८४० पासूनची संस्था आहे. पण तेवढ्या लांब रोज जाणं होत नसेल, तर आपल्या भागातलं छोटं वाचनालय शोधा. छोट्या ठिकाणी ओळख लवकर होते. कुसुमाग्रज स्मारकात कार्यक्रम होत असतात. २७ फेब्रुवारीला, म्हणजे तात्यासाहेबांच्या (कुसुमाग्रजांच्या) जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिन असतो. त्या आठवड्यात शहरातल्या वाचणाऱ्या माणसांपैकी पुष्कळ तुम्हाला एकाच वेळी दिसतील. आणि मे महिन्यात गंगेवर वसंत व्याख्यानमाला असते. संध्याकाळी घाटावरच्या पटांगणात बसायचं, ऐकायचं, पैसे लागत नाहीत. एका माणसाने एकटं जाण्यासारखा याहून चांगला कार्यक्रम मला माहीत नाही, कारण तिथे सगळेच समोर बघत बसलेले असतात आणि एकटेपणा कोणाला दिसत नाही. सलग चार-पाच दिवस त्याच बाजूला बसलात की शेजारी बसणारे ‘आज कोण आहे?’ म्हणून विचारायला लागतात.

चालणारे असाल तर कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोल्फ क्लबचं मैदान किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या. पांडवलेणीला पहाटे रोज चढणाऱ्या लोकांचे गट आहेत. ते वरच्या पायरीवर बसून पाणी पितात तिथे तुम्हीही बसा. डोंगरांची आवड असेल तर रामशेज आणि अंजनेरीपासून सुरुवात करा. हरिहरच्या उभ्या पायऱ्या पहिल्याच महिन्यात नकोत.

हाताला वाद्य हवं असेल तर ढोल पथक. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने संध्याकाळी सराव चालतो आणि नव्या मुलामुलींना शिकवतात. माझा मुलगा इंदिरानगरला आल्यावर वर्षभर घुम्या झाला होता. सातपूरचे मित्र तुटले होते. ढोल गळ्यात अडकवला आणि तीन आठवड्यांत घरी पाच जण जेवायला यायला लागले. त्याच्या दोन्ही हातांना फोड आले होते, आणि तो ते सगळ्यांना दाखवत होता.

भजनी मंडळ, हरिपाठ, बचत गट, गल्लीतलं गणेश मंडळ ही दारं तर सगळीकडेच आहेत. बचत गटाबद्दल एवढंच सांगते, की चांगला गट पाच गोष्टींवरून ओळखायचा: बैठक नियमित, बचत नियमित, आपसात कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि लिहिलेला हिशेब. यातली एक जरी नसेल तर तिथे मैत्री करा, पैसे ठेवू नका.

४. पाहुणे राहू नका, काम उचला

या सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

सातपूरला लग्न होऊन गेले तेव्हा गल्लीत माझ्याशी कोणी वाईट वागत नव्हतं. सगळ्या हसायच्या, ‘ये ना’ म्हणायच्या. पण ओट्यावर बसल्या की बोलणं माझ्यापाशी येऊन थांबायचं. त्यांना एकमेकींच्या सासवा माहीत होत्या, जावा माहीत होत्या. मला कोणाचंच काही माहीत नव्हतं. मी शहाण्यासारखी कडेला बसायचे आणि अर्ध्या तासाने ‘येते’ म्हणायचे. असं जवळजवळ वर्ष गेलं.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्याआधी चार-पाच दिवस निफाड, येवला, सिन्नर अशा सगळ्या बाजूंनी दिंड्या येतात आणि त्र्यंबक रस्त्याने चालत पुढे जातात. आमच्या गल्लीकडे एका दिंडीच्या सकाळच्या जेवणाची सेवा होती. भाकरी, पिठलं, ठेचा. पहाटे चारला अंगणात तीन चुली पेटायच्या. नाशिकची पौषातली थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना सांगायला नको, हंड्यातल्या पाण्यात हात घातला तर बोटं आखडतात.

मी गेले आणि नेहमीसारखं विचारलं, ‘मी काय करू?’ उत्तरही नेहमीचंच आलं. ‘अगं बस तू, नवी आहेस.’

त्या दिवशी मी बसले नाही. एका काकूंच्या शेजारी रिकामी परात होती, ती ओढली. बाजरीचं पीठ घेतलं, चुलीवरचं कढत पाणी मागितलं आणि मळायला लागले. बाजरीला चिकटपणा कमी, थोडं थोडं घेऊन तळहाताने रगडावं लागतं, नाहीतर कडा फुटतात. आमच्याकडे भाकरी मोठी थापतात, परातीएवढी. पहिली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली आणि तवा काढून निखाऱ्यांवर उभी केली. ती टम्म फुगली. समोरच्या चुलीवरच्या म्हाताऱ्या आजी इतका वेळ कोणाशी बोलत नव्हत्या. त्यांनी भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अहिराणीत विचारलं, ‘कोनता गावनी शे वं तू?’

त्या आमच्या देवळ्याशेजारच्या बागलाण तालुक्यातल्या निघाल्या. माझ्या मामाचं गाव त्यांना माहीत होतं. उजाडेपर्यंत मी साठेक भाकरी केल्या असतील. कोणी ‘बस’ म्हटलं नाही. उलट ‘तुझं पीठ संपलं का गं?’ असं तीनदा विचारलं. पुढच्या आठवड्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलवायला आल्या, त्या बोलवायला म्हणून आल्याच नाहीत. ‘चल, वाण बांधायचंय’ म्हणून आल्या.

म्हणून कुठेही गेलात तरी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत काम शोधा. विचारून मिळत नाही, कारण नव्या माणसाला काम सांगायला लोक संकोचतात. जे पडलेलं दिसतं ते उचला. सतरंज्या घालणं आणि झटकून घडी करणं, खुर्च्या लावणं, चपलांच्या रांगा, माइकची वायर गुंडाळणं, उरलेल्या पेल्यांची मोजणी. हिशेबाची वही मात्र स्वतःहून मागू नका. ती तुमच्याकडे आपोआप येईल, तेव्हा समजा की तुम्ही आतले झालात.

५. वय बदलतं तसं दार बदला

शिकायला आलेल्या मुलामुलींना: खोलीतल्या दोघी-तिघींवर सगळी मदार ठेवू नका. शेवटची परीक्षा झाली की त्या आपापल्या गावी जातात आणि शहर एका दिवसात रिकामं होतं. माझं तसंच झालं. तीन वर्षं पंचवटीत राहून शेजारच्या वाड्यातल्या एकाही माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. मेसवाल्या मावशींशी बोला, घरमालकांच्या नातवाला गणित शिकवा.

नोकरीसाठी अंबड-सातपूरच्या कारखान्यांत आलेल्यांना: शिफ्ट हाच तुमचा मोठा अडथळा आहे. आठवड्याला पाळी बदलते, त्यामुळे ठरलेली वेळ पाळता येत नाही. अशा वेळी वार पकडा. रविवारी सकाळची मिसळ ही नाशिकमधली खरीखुरी संस्था आहे. शेव, पापड, दही, एका टेबलावर आठ जण आणि दोन तास गप्पा. कंपनीतल्या कोणी एकदा बोलावलं तर ‘बघू’ म्हणू नका, जा.

लहान मुलांच्या आईवडिलांचं सगळ्यांत सोपं. मूलच ओळखी करून देतं. फक्त त्या ओळखी शाळेबरोबर संपतात, हे ध्यानात ठेवून त्यातल्या दोन घरांशी तरी वेगळा संबंध जोडा.

आणि आता माझ्यासारख्यांना, जे मोठ्या वयात एकटे उरतात. यावर मला जरा थांबून बोलायचं आहे.

यजमान गेल्यावर पहिल्या संक्रांतीला मला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. वीस-पंचवीस वर्षं मी ज्या बायकांत वाण वाटलं होतं, त्यांच्यातल्याही काही जणी होत्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना काय बोलावं ते सुचलं नसेल. पण त्या संध्याकाळी जिन्यात हसण्याचे आवाज वर-खाली होत होते आणि मी आतून कडी लावून बसले होते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या या सगळ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ती बातमी मी कापून ठेवली आणि आमच्या बिल्डिंगमधल्या दोघी तरुण मुलींना दाखवली. पुढच्या वर्षी त्यांनी हळदीकुंकवाऐवजी ‘तिळगूळ’ ठेवला, सगळ्या बायकांना. जिन्यातल्या सगळ्या दारांची बेल वाजली, माझीही. तुमच्याकडे असं कोणी दार लावून बसलेलं असेल, तर तुम्ही नवे असलात तरी बेल वाजवा. नव्या माणसाला जुन्या रिवाजाचं ओझं नसतं, त्याने हा फायदा घ्यावा.

त्या दिवसांत मला सावरलं ते जवळच्या एका छोट्या वाचनालयाने. दर मंगळवारी आणि शनिवारी साडेपाचला जायचे. एकदा ताप आला म्हणून सलग तीन वेळा गेले नाही. चौथ्या वारी संध्याकाळी दारात वाचनालयातल्या बाई उभ्या. हातात दिवाळी अंक आणि मुगाच्या खिचडीचा डबा. म्हणाल्या, ‘तुमचा नंबर लागला होता या अंकाला, म्हटलं दुसऱ्याला जायच्या आत द्यावा.’ अंक तर निमित्त होतं.

निवृत्त झालेल्यांना मी ज्येष्ठ नागरिक संघ नक्की सुचवते, पण तिथे पहिल्याच दिवशी आजारपणाच्या गप्पांत अडकू नका. ज्या संघात सहली, वाचन, गाणं असं काही हाताला काम आहे तो निवडा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे आणि बायकांना अर्ध्या तिकिटात, तेव्हा सप्तशृंगीला आणि त्र्यंबकला मंडळी मिळून जात राहा.

६. इथे फसायला होतं

*फक्त आपल्याच गावच्या लोकांत राहणं.* नाशकात कसमादेची (म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागाची), खान्देशची, विदर्भाची, कोकणची मंडळं आहेत. आल्याबरोबर त्यांचा आधार खरोखर मोठा असतो. भाषा आपली, जेवण आपलं. पण पाच वर्षांनीही सगळी ऊठबस तिथेच असेल, तर तुम्ही नाशिकला आलाच नाहीत. एक दार आपल्या गावचं, एक इथलं, असं ठेवा.

*व्हॉट्सॲप ग्रुपला ओळख समजणं.* सोसायटीच्या ग्रुपवर रोज सुप्रभात टाकणारे लोक एकमेकांना जिन्यात ओळखत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ग्रुपवर वाद होईल असं वाटलं की टाइप करणं थांबवा आणि त्या माणसाच्या दारात जा. निम्मी भांडणं तिथेच संपतात.

*वर्गणी.* मंडळाला वर्गणी द्या, पावती घ्या, आणि परवडेल तेवढीच द्या. मोठी रक्कम देऊन माणसं जोडली जात नाहीत.

*भिशी आणि ‘गुंतवणूक’.* नव्या ओळखीतून कोणी महिन्याला भरघोस परताव्याची गोष्ट काढली तर चहा संपवा आणि उठा. माझे दीड वर्षाचे पैसे अशा एका ओळखीत गेले. पैशांपेक्षा जास्त दुःख या गोष्टीचं झालं, की त्यानंतर दोन वर्षं मी कोणत्याच नव्या घरी गेले नाही. नुकसान तिथे होतं.

*सोसायटीतला हुद्दा.* भाडेकरूला सर्वसाधारण सभेत मत नसतं, पण पाण्याची टाकी साफ करायच्या दिवशी खाली उभं राहायला मत लागत नाही. मालक असाल तर पहिल्याच वर्षी कमिटीत जाऊ नका. कोणाचं कोणाशी काय आहे हे कळायच्या आधी तुम्ही एका गटाचे होऊन बसता.

७. आडनाव विचारलं गेलं तर

हे लिहायचं टाळता आलं असतं, पण मग लेख खोटा ठरला असता.

२००८ च्या आधी आम्ही भाड्याने घर बघत होतो. एका ठिकाणी सगळं ठरलं, किल्ली हातात आली. मग मालकांनी आडनाव नीट विचारलं, गाव विचारलं, घरात काय शिजतं ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी ‘घर नातेवाइकांना द्यायचं आहे’ असा निरोप आला. आमच्याहून कितीतरी जास्त वेळा हे ज्यांच्या वाट्याला येतं त्यांना मी जवळून ओळखते.

याच शहरात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्याबरोबरच्या बायकामाणसांनी तो पुढे पाच वर्षं चालवला, आणि देवळाचं दार उघडलं नाही. १९३५ ला याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मी पंचवटीत राहायचे तेव्हा रोज त्या देवळावरून जात होते आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. आता कोणी नवीन पाहुणे आले की मी त्यांना काळारामाला नेते आणि दर्शनाआधी हे सांगते.

तुमच्यावर ही वेळ आली तर घर सोडा आणि पुढचं बघा. जिथे दारात नको म्हणतात तिथे आत जाऊनही मन लागत नाही. तुम्ही कोणत्या गटात असाल आणि तिथे नव्या माणसाचं आडनाव आधी चाचपलं जात असेल, तर तिथल्या तिथे बोला. माझ्या भजनी मंडळात एकदा असा विषय निघाला तेव्हा मी पेटी बंद केली आणि म्हटलं, ‘चोखोबांचे अभंग म्हणायचे आणि हेही बोलायचं, हे मला जमणार नाही.’ दोघी आठवडाभर बोलल्या नाहीत. ती नवीन बाई मात्र आजही येते आणि टाळ तिच्याइतका चांगला कोणी धरत नाही.

८. निघताना नीट निघा

बदली होते, घर बदलतं, कधी एखादा गट आपल्याला मानवत नाही. सोडायला हरकत नाही, पण हळूच येणं बंद करू नका. लोक वाट बघतात, मग रागावतात, मग विसरतात. सांगून निघा. तुमच्याकडे जे असेल ते परत करा: किल्ली, वही, पुस्तकं, भांडी. हिशेब दोघांसमोर वाचून सही घ्या. शक्य असेल तर तुमच्या कामाला दुसरं माणूस लावून द्या.

सातपूर सोडताना दिंडीच्या सेवेची भांडी माझ्या घरी होती. दोन मोठी पातेली, तीन पराती, झारा, चार सतरंज्या आणि निळ्या पुठ्ठ्याची वही. ओट्यावर सगळ्यांसमोर मोजून दिली. बागलाणच्या आजी तेव्हा अंथरुणाला होत्या, त्यांच्या सुनेने वही घेतली. मी रिक्षात बसेपर्यंत कोणी काही बोललं नाही.

त्या वर्षी पौषात रात्री नऊला फोन आला. सूनच होती. म्हणाली, ‘ताई, या वेळी दिंडीत शंभर माणसं आहेत म्हणतात. वहीत तुमचं अक्षर लागत नाहीये. पीठ किती दळून आणू?’

‘वीस किलो आण,’ मी म्हटलं, ‘आणि माझी परात वेगळी काढून ठेव. मी आदल्या रात्रीच मुक्कामाला येते.’